तहानलेल्या मुलांचा डॉक्टर

१४ नोव्हेंबर हा दिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. अमरावती आणि अकोल्यातील शाळांमधून या दिवशी पंडित नेहरूंच्या प्रतिमेला हार घातला जातो, मुलांना खाऊ वाटला जातो, भाषणे होतात. नेहरूंचा जन्म १८८९ सालचा. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, कॅनडातील एका शेतकऱ्याच्या घरी जो मुलगा जन्मला त्याचेही जगभरातील मुलांवर मोठे ऋण आहे. त्याचे नाव फ्रेडरिक ग्रँट बँटिंग. त्याच्या जन्मदिनीच जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते. पण त्या नावामागे सतत अपयश झेललेला, हट्टी, शीघ्रकोपी आणि तरीही मुलांच्या दुःखाने कळवळणारा एक माणूस होता, याची माहिती फार थोड्यांना असते.

वऱ्हाडातील वाचकाने या कॅनेडियन डॉक्टरची कहाणी का वाचावी, याला एक कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. अशा दिवसांत एखादे मूल वारंवार पाणी मागू लागले, तर त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. ऊन लागले असेल, असे म्हणून घरचे लोक कांद्याचा रस, पन्हे, ताक देतात. पण तीच तहान रात्रीही थांबत नसेल, मूल लघवीसाठी वारंवार उठत असेल, भरपूर खाऊनही वाळत चालले असेल, तर ती उन्हाची तहान नसते. ती शरीरातील एका संप्रेरकाच्या अभावाची हाक असते. शंभर वर्षांपूर्वी ही हाक ऐकूनही जगातील कोणताही वैद्य काही करू शकत नव्हता. बँटिंगच्या आयुष्याचे मोल कळण्यासाठी आधी ही असहायता समजून घ्यायला हवी.

संप्रेरकांचे जग

शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव नळीवाटे बाहेर न टाकता थेट रक्तात सोडतात. रक्तातून तो स्राव शरीरभर फिरतो आणि दूरच्या अवयवांना आज्ञा देतो. या स्रावांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. मुलांची उंची वाढणे, मेंदूचा विकास होणे, योग्य वयात वयात येणे, खाल्लेल्या अन्नाची शक्ती होणे ही सारी कामे त्यांच्याच हुकमतीखाली चालतात. यातील एखादे संप्रेरक कमी पडले, तर मूल खुंटते, मंद होते किंवा दगावते.

मधुमेह हा असाच संप्रेरकाचा विकार आहे, हे मात्र माणसाला फार उशिरा कळले. रोगाची ओळख प्राचीन होती. गोड लघवीचा आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख भारतीय वैद्यकात आहे. सुश्रुताने तर जन्मजात आणि आहार-विहाराच्या चुकांमुळे होणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे केले होते. पण रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे, हे १८८९ साली सिद्ध झाले. जर्मनीतील ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. त्याआधी वीस वर्षे, १८६९ मध्ये, पॉल लँगरहान्स या तरुण संशोधकाने स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींचे चिमुकले पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. साखरेवर ताबा ठेवणारा स्राव याच पुंजक्यांतून येत असावा, असा तर्क पुढे मांडला गेला.

योगायोग असा, की बँटिंगचा जन्म झाला त्याच १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉइड ग्रंथी निकामी झालेल्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि तिची प्रकृती सुधारली. कमी पडलेले संप्रेरक बाहेरून देता येते, हे त्यातून दिसले. मग स्वादुपिंडाचा अर्क देऊन मधुमेह का बरा होऊ नये? पुढची तीस वर्षे अनेकांनी तो प्रयत्न केला. कोणाचा अर्क निष्प्रभ ठरला, कोणाच्या अर्काने ताप आणि झटके आले. तोवर मधुमेही मुलांसाठी एकच उपाय उरला होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीनुसार मुलांना दिवसाला जेमतेम जगण्याइतकेच अन्न दिले जाई. त्यामुळे मृत्यू काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे लांबत असे. आईबापांच्या डोळ्यांदेखत मुले हाडांचे सापळे होत. तहान, भूक, मग बेशुद्धी आणि शेवट, असा तो क्रम ठरलेला होता.

रिकामा दवाखाना

फ्रेडरिक हा पाच भावंडांत धाकटा. टोरोंटोच्या उत्तरेस ॲलिस्टन गावाजवळ वडिलांची शेती होती. मुलगा लाजाळू, अभ्यासात बेताचा, हातकामात मात्र चिवट. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. १९१० मध्ये त्याने टोरोंटो विद्यापीठात कला शाखेत प्रवेश घेतला आणि पहिल्याच वर्षी तो नापास झाला. १९१२ मध्ये त्याने वैद्यकाची वाट धरली. पहिले महायुद्ध सुरू असल्याने अभ्यासक्रम आटोपता घेण्यात आला आणि १९१६ च्या अखेरीस पदवी हाती पडताच बँटिंग सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाला. १९१८ मध्ये फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईत त्याच्या हाताला तोफगोळ्याचा तुकडा लागला. जखमी अवस्थेतही तो इतर जखमींवर तासन् तास उपचार करीत राहिला. या शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात त्याने अस्थिशल्यक्रियेचा अनुभव घेतला. आजारी मुलांशी त्याचा संबंध आला तो इथे. पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. जुलै १९२० मध्ये त्याने ऑन्टारिओ प्रांतातील लंडन या शहरात घर घेऊन दवाखाना थाटला. पहिला रुग्ण यायला जवळजवळ महिना लागला. त्या महिन्याची एकूण कमाई होती चार डॉलर. लग्न ठरलेल्या मुलीशी संबंध ताणले गेले. पोटासाठी त्याने तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचे काम पत्करले. तालुक्याच्या गावी नवा दवाखाना उघडून रुग्णांची वाट पाहत बसलेल्या कोणत्याही तरुण डॉक्टरला ही अवस्था परकी वाटणार नाही.

मध्यरात्रीचे टिपण

ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस बँटिंगला विद्यार्थ्यांना शरीरातील साखरेच्या चयापचयाबद्दल व्याख्यान द्यायचे होते. विषय त्याच्या फारसा परिचयाचा नव्हता. तयारीसाठी तो वाचत असता मोझेस बॅरन या अमेरिकी डॉक्टरचा एक लेख त्याच्या नजरेस पडला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली, तर पाचक रस बनवणाऱ्या पेशी मरतात. पण लँगरहान्सचे पुंजके शाबूत राहतात, असे त्या लेखात होते. बँटिंगला झोप लागेना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्याने वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नलिका बांधायची, पाचक पेशी मरू द्यायच्या आणि उरलेल्या पुंजक्यांतून तो स्राव मिळवायचा, असा तो बेत होता. त्या टिपणात मधुमेहाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकलेले होते.

पुढच्याच आठवड्यात तो टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लिऑड यांना भेटला. मॅक्लिऑड हे साखरेच्या चयापचयातील जगन्मान्य तज्ज्ञ. समोर बसलेल्या या शल्यचिकित्सकाला विषयाची नीट माहिती नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. तरीही, नलिका बांधून असा प्रयोग नीटपणे कोणी केलेला नाही, हे ओळखून त्यांनी उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि एक मदतनीस देण्याचे मान्य केले. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी काम करायचे, याचा निर्णय नाणे उडवून झाला. कौल चार्ल्स बेस्ट या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बाजूने पडला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले.

तो उन्हाळा कठीण होता. प्रयोगशाळेत कोंदट उकाडा, हाताशी अपुरी साधने आणि बँटिंगला वेतन नाही. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक कुत्री दगावली. गुजराण करण्यासाठी बँटिंगला आपली जुनी मोटार विकावी लागली. जुलैच्या अखेरीस स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्याला त्यांनी पहिल्यांदा अर्क टोचला आणि रक्तातील साखर उतरली. पुढे मार्जोरी नावाने प्रसिद्ध झालेली कुत्री अर्काच्या बळावर सुमारे सत्तर दिवस जगली. यानंतर जे उमगले ते बँटिंगच्या मूळ कल्पनेला धक्का देणारे होते. नलिका बांधण्याची गरजच नव्हती. खाटीकखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ताज्या स्वादुपिंडापासून अल्कोहोलच्या साह्याने प्रभावी अर्क काढता येत होता. कल्पना सदोष निघाली, पण त्या कल्पनेच्या हट्टापायी सुरू झालेले काम खरे ठरले.

लिओनार्डची दुसरी सुई

डिसेंबर १९२१ मध्ये मॅक्लिऑड यांनी जेम्स कॉलिप या निष्णात जीवरसायनशास्त्रज्ञाला अर्क शुद्ध करण्याच्या कामी घेतले. तोवर टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा दाखल झाला होता. त्याचे वजन ३० किलोही नव्हते. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला तपकिरी, गढूळ अर्क त्याला टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण टोचलेल्या जागी गळू झाले आणि प्रकृतीत फरक पडला नाही. प्रयोग थांबवावा लागला.

पुढचे बारा दिवस कॉलिप रात्रंदिवस अर्क शुद्ध करण्यात गढून गेला. त्याने पद्धत शोधली; मात्र ती सांगण्यास तो राजी नसल्याने त्याचे आणि बँटिंगचे कडाक्याचे भांडण झाले, प्रकरण हातघाईवर आले. २३ जानेवारीला कॉलिपने शुद्ध केलेला अर्क लिओनार्डला देण्यात आला. या वेळी साखर जवळजवळ सामान्य पातळीवर आली. लघवीतून जाणारी घातक कीटोन द्रव्ये नाहीशी झाली. मुलाच्या चेहऱ्यावर तरतरी दिसू लागली. माणसाच्या इतिहासात मधुमेहाने मरणाच्या दारी गेलेले मूल औषधाने परत आल्याची ही पहिली नोंद. लिओनार्ड पुढे १३ वर्षे जगला आणि १९३५ मध्ये न्यूमोनियाने वारला.

त्यानंतरही मार्ग सरळ नव्हता. मोठ्या प्रमाणावर अर्क तयार करताना कॉलिपची कृतीच बिघडली आणि काही आठवडे औषध हाती येईना. दरम्यान आईबापांची पत्रे आणि तारा येतच होत्या. पुढे टोरोंटोची कॉनॉट प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील एली लिली कंपनी यांनी उत्पादनाची घडी बसवली.

१९२२ च्या उन्हाळ्यात बँटिंगकडे आलेल्या मुलांत पाच वर्षांचा टेडी रायडर होता; त्याचे वजन १२ किलोच्या आसपास होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हीदेखील होती. ११ व्या वर्षी रोग जडलेली ही मुलगी तीन वर्षे उपासमारीच्या आहारावर तग धरून होती. ऑगस्टमध्ये ती बँटिंगसमोर आली तेव्हा १५ वर्षे पूर्ण करत असलेल्या या मुलीचे वजन सुमारे २० किलो होते. काही आठवड्यांत ती पोटभर जेवू लागली, अंगावर मांस चढले. एलिझाबेथ शिकली, तिचा संसार झाला, तिला मुले झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी ती वारली. टेडीने बरा झाल्यावर आपल्या बालबोध अक्षरात बँटिंगला पत्र लिहून आपले वजन वाढल्याची आणि झाडावर चढता येत असल्याची खबर दिली. तो ७० वर्षांहून अधिक काळ इन्सुलिन घेत जगला. त्याचे निधन १९९३ मध्ये झाले.

एक डॉलर

हे औषध किती पैसा मिळवून देऊ शकते, याची कल्पना सर्वांनाच आली होती. डॉक्टरने पेटंटवर नाव घालणे हे वैद्यकीच्या शपथेला शोभत नाही, अशी बँटिंगची प्रारंभी भूमिका होती. परंतु दुसऱ्या कोणी हक्क बळकावून औषध महाग करू नये, यासाठी पेटंट घेणे आवश्यक ठरले. १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकले. घरभाड्यासाठी मोटार विकणाऱ्या माणसाने हा निर्णय घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

त्याच वर्षी वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. कॅनडाला मिळालेले ते पहिले नोबेल. पारितोषिक स्वीकारण्याच्या वर्षी ३२ वर्षांचा असलेला बँटिंग हा वैद्यकाच्या नोबेलचा आजवरचा सर्वांत तरुण मानकरी आहे. पण या बातमीने त्याला आनंदापेक्षा संताप अधिक झाला. बेस्टला डावलले गेले आणि ज्यांच्याशी आपले पटत नव्हते त्या मॅक्लिऑड यांना वाटा मिळाला, असे त्याला वाटले. त्याने आपल्या रकमेतील अर्धा हिस्सा बेस्टला दिला. मॅक्लिऑड यांनीही आपला अर्धा हिस्सा कॉलिपला दिला. रुमानियातील निकोलाय पॉलेस्कू या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर असेच यश मिळवून १९२१ मध्येच ते प्रसिद्ध केले होते. त्याला मात्र काहीच मिळाले नाही.

आज इतक्या वर्षांनी पाहता चौघांपैकी एकालाही वगळता येत नाही. बँटिंगने विषय धसास लावला, बेस्टने साखरेच्या चाचण्या चोख केल्या, मॅक्लिऑड यांनी दिशा दिली आणि कॉलिपने अर्क माणसाला देण्याजोगा केला. मॅक्लिऑड यांच्यावर बँटिंगने आयुष्यभर धरलेला राग न्याय्य नव्हता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मोठ्या माणसांच्या चरित्रातील अशा उणिवा झाकण्याचे कारण नाही.

उत्तरायुष्य

कीर्ती बँटिंगला मानवली नाही. कॅनडाच्या संसदेने त्याला तहहयात वार्षिक मानधन दिले, विद्यापीठाने त्याच्या आणि बेस्टच्या नावाने संशोधन विभाग काढला, १९३४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. पण इन्सुलिनसारखा दुसरा शोध त्याच्या हातून लागला नाही. १९२४ मध्ये झालेला विवाह आठ वर्षांनी मोडला. या एकाकीपणात चित्रकलेने त्याला साथ दिली. कॅनडातील ख्यातनाम चित्रकार ए. वाय. जॅक्सन याच्यासोबत तो बर्फाळ प्रदेशात निसर्गचित्रे काढत हिंडे. १९२७ मध्ये दोघे आर्क्टिकपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या महायुद्धात त्याने वैमानिकांच्या आरोग्याविषयीच्या संशोधनाला वाहून घेतले. फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धकार्यासाठी इंग्लंडकडे निघालेले त्याचे विमान न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोसळले. २१ फेब्रुवारीला बँटिंगचा मृत्यू झाला. वय अवघे ४९.

वऱ्हाडातील तहान

बँटिंगनंतर इन्सुलिनचे रूप पालटत गेले. १९५५ मध्ये फ्रेडरिक सँगर याने त्याची रासायनिक रचना उलगडली. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत आले आणि गाई-डुकरांच्या स्वादुपिंडावरचे अवलंबन संपण्यास सुरुवात झाली. मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. २००३ मध्ये वोक्हार्टने जनुकीय तंत्राचे मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. बालकांतील मधुमेहाच्या उपचारासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बँटिंगच्या काळी जे मूल वाचणे अशक्य होते, ते आज शिकू शकते, खेळू शकते, संसार करू शकते.

तरीही अशी मुले आजही दगावतात. औषध नाही म्हणून नव्हे, तर रोग ओळखला जात नाही म्हणून. मुलांचा मधुमेह, ज्याला टाइप वन म्हणतात, तो मोठ्या माणसांच्या मधुमेहापेक्षा निराळा असतो. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही, संसर्गाने पसरत नाही. अति तहान, वारंवार लघवी, वजन घटणे आणि थकवा ही त्याची चार मुख्य लक्षणे. रात्री अंथरुण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर तोही इशारा समजावा.

पुढची पायरी घातक असते. पोटदुखी, उलट्या, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, मग गुंगी. उलट्या पाहून ऊन लागल्याचा किंवा पोट बिघडल्याचा समज होतो. श्वास पाहून न्यूमोनियाची शंका येते. सलाइन लावताना त्यात ग्लुकोज दिले गेले, तर स्थिती आणखी बिघडते. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापर्यंत, किंवा बाळापूर-पातूरकडून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ अशा मुलासाठी निर्णायक असतो. निदानाला मात्र मोठ्या यंत्रांची गरज नाही. बोटाच्या टोकाचा रक्ताचा एक थेंब आणि ग्लुकोमीटर एवढे पुरते. लक्षणे असताना रक्तातील साखर कोणत्याही वेळी २०० किंवा त्याहून अधिक निघाली, तर मधुमेह समजून मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

निदानानंतरची वाट आयुष्यभराची आहे. इन्सुलिन रोज, दिवसातून अनेकदा टोचावे लागते. पोटातून घेतल्यास ते पचून जाते, म्हणून त्याची गोळी करून चालत नाही. एखाद्या चूर्णाच्या किंवा काढ्याच्या भरवशावर सुई थांबवली, तर मूल काही दिवसांतच १९२२ पूर्वीच्या अवस्थेला जाऊन पोहोचते. उलट, सुई घेऊन जेवण चुकले तर साखर ७० च्या खाली उतरते. घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. अशा वेळी ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यावे लागते. हे शाळेतील शिक्षकांना माहीत असणे आवश्यक आहे. मुलीचा आजार लपवण्याकडे घरांचा कल असतो. पण मैत्रिणींना आणि शिक्षकांना आजाराची माहितीच नसेल, तर साखर उतरल्यावर तिच्या मदतीला धावणार कोण, याचाही विचार व्हायला हवा.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न असतो, तो औषध टिकवण्याचा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. ती गोठता कामा नये. ज्या घरी फ्रीज नाही किंवा वीज तासन् तास जाते, तिथे मातीचा माठ कामी येतो. मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवायचे आणि कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मडक्यात ठेवायची. बाष्पीभवनाने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच उतरते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी गार ठेवणारे हे साधन औषधही राखते. ही सोय फ्रीजची बरोबरी करीत नसली, तरी उघड्या कपाटापेक्षा खूपच बरी.

मधुमेह हा मुलांच्या संप्रेरक विकारांतील एक झाला. बाळाला जन्मतः थायरॉइडचे संप्रेरक कमी असेल, तर पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते ओळखता येते आणि रोज एका स्वस्त गोळीने मेंदूचे नुकसान टाळता येते. तिथेही उशीर झाला, तर गेलेली बुद्धी परत मिळत नाही. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले, फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणारी मुले यांचेही तसेच. मुलाची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवण्याची सवय असलेल्या घरात असे विकार लवकर लक्षात येतात.

ॲलिस्टनच्या शेतावरील त्या मुलाने जगाला जे दिले, ते आज औषधाच्या दुकानातील शीतकपाटात ठेवलेले असते. बँटिंगच्या काळच्या डॉक्टरांना तहानलेल्या मुलाचा रोग कळत होता, पण त्यांच्या हाती औषध नव्हते. आज औषध आहे. मुलाची तहान वेळेवर ओळखणारी नजर मात्र घरात, शाळेत आणि गावच्या दवाखान्यात असावी लागते. यंदाच्या बालदिनी अमरावती-अकोल्यातील एखाद्या शाळेने नेहरूंच्या प्रतिमेला हार घातल्यावर ही चार लक्षणे फळ्यावर लिहून ठेवली, तर त्याच दिवशी जन्मलेल्या या दुसऱ्या माणसाचेही स्मरण होईल आणि कदाचित एखाद्या मुलाचा जीवही वाचेल.